आर्मिन हॉफमन: ठिपक्यापासून शिकवणारे मास्तर

"स्विस डिझाइन" म्हटलं की लोकांना हेल्वेटिका नावाचा साधा फॉन्ट, ग्रिड म्हणजे मजकूर-चित्रं बसवायची आखीव चौकट आणि भरपूर मोकळी जागा एवढंच आठवतं, आणि मला ते दरवेळी खटकतं, कारण त्या परंपरेतले माझे सगळ्यात लाडके डिझायनर, आर्मिन हॉफमन, एवढ्यात मावतच नाहीत.

जन्म १९२० चा, स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचा. आधी लिथोग्राफीचं, म्हणजे दगडावरून छपाईचं काम केलं, मग १९४० च्या दशकात बाझेल या स्विस शहरातल्या कलाशाळेत शिकवायला लागले आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं शिकवतच राहिले. मधेमधे अमेरिकेत येल विद्यापीठातही शिकवलं. गेले डिसेंबर २०२० मध्ये, शंभरी पूर्ण करून.

त्यांचं १९५९ चं 'जिझेल' बॅलेचं पोस्टर शोधून बघा, प्लीज. पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट. गिरकी घेणारी नर्तकी, फोटो मुद्दाम हललेला ठेवलाय, आणि बाजूला बॅलेचं नाव उभं लावलंय, ताठच्या ताठ अक्षरांत. त्या ताठपणामुळेच तिची गिरकी जास्त जाणवते, नाव काढून टाकलं तर नुसता एक छान फोटो उरेल. बाकी पोस्टर्सही त्यांनी बरीचशी काळीपांढरीच केली. रस्त्यावरच्या जाहिरातींनी रंगाची किंमतच घालवली आहे आणि त्याला काळ्यापांढऱ्यानेच उत्तर द्यायचं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आजचे आपले फ्लेक्स बघितले की मला ते शंभर टक्के पटतं.

शिकवण्याचंही तेच. १९६५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, ते ठिपक्यापासून सुरू होतं. चौकोनात ठिपका मधोमध ठेवला तर काय होतं, कडेला सरकवला तर काय, मोठा केला तर, शेजारी दुसरा आणला तर, मग रेघ, मग अक्षर. आणि हे सगळं हाताने, परत परत, डोळ्याला फरक कळेपर्यंत. आज सॉफ्टवेअरमध्ये दुपारभरात लोगोचे ढीगभर ऑप्शन निघतात पण त्यातला चांगला कुठला हे सांगता येत नाही, ती नजर कुठलं टूल देणार?

पण त्यांचा खरा मोठेपणा मला वोल्फगांग वाइनगार्टच्या बाबतीत दिसतो. हा पोरगा बाझेलला शिकायला आला आणि स्विस टायपोग्राफीच्या, म्हणजे अक्षरमांडणीच्या नियमांशीच भांडायला लागला, अक्षरं वाकवायची, अंतरं ताणायची, थरांवर थर चढवायचे. हॉफमननी काय केलं, तर १९६८ मध्ये नवा कोर्स सुरू करताना टायपोग्राफी शिकवायला त्यालाच घेतलं! पुढे तिथे शिकलेल्या डिझायनर एप्रिल ग्रीमननी लॉस एंजेलिसला ॲपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरवर खडबडीत पिक्सेल न लपवता जे काम केलं ते हॉफमनच्या कामासारखं अजिबात दिसत नाही, आणि मास्तर म्हणून मला तेच त्यांचं यश वाटतं.

आणि हो, १९६५ मध्ये ते अहमदाबादला एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतही येऊन गेले, तेव्हा ती संस्था जेमतेम चार वर्षांची होती. आपल्याकडे डिझाइनच्या पहिल्या वर्षी ठिपके-रेघांचे जे असाइनमेंट देतात त्यामागे बाउहाउस आणि उल्म या जर्मन डिझाइन शाळा आहेत, तसं बाझेलही आहे. पोरं त्याला वैतागतात, कारण हे कशासाठी चाललंय ते त्यांना कुणी सांगतच नाही. असाइनमेंट देतात त्याच दिवशी वर्गात 'जिझेल' दाखवलं पाहिजे, मोठं करून, भिंतभर.