होम्स परत आला खरा, पण...

लाडक्या डिटेक्टिव्हची नवीन गोष्ट आली की वाचकांचे दोन गट पडतातच, एक "आला रे आला" वाले आणि दुसरे "पूर्वीची मजा नाही राहिली" वाले, आणि हे काही आजचं नाहीये. १८९३ च्या डिसेंबरात लेखक कॉनन डॉयल आपल्या शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाखच्या धबधब्यात ढकलून मोकळा झाला तेव्हा लोक असले भडकले की एका बाईने पत्राची सुरुवातच शिवीने केली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. (लोक काळ्या फिती बांधून फिरले असंही सांगतात, ते मला जरा तिखटमीठ लावलेलं वाटतं.)

मग १९०३ मध्ये स्वारी परत. म्हातारा पुस्तकविक्या होम्सच्या जिवलग मित्राकडे, वॉटसनकडे येतो, वॉटसन मागच्या कपाटाकडे मान वळवतो, परत बघतो तर समोर होम्स हसत उभा, आणि एवढा लष्करातला डॉक्टर चक्क बेशुद्ध! कितीही वेळा वाचा, भारीच वाटतं. पण धबधब्यापाशी शत्रूशी झालेल्या झटापटीतून जिवंत सुटला कसा तर म्हणे जपानी कुस्तीचा डाव येत होता... अरे काहीही! आणि गोष्टीतली तीन वर्षं बिचाऱ्या वॉटसनला साधी चिठ्ठी नाही, मला तर याचाच राग जास्त.

कॉर्नवॉलच्या एका नावाड्याने डॉयलला तोंडावर सांगितलं होतं, कड्यावरून पडून होम्स मेला नसेलही, पण नंतर तो पहिल्यासारखा राहिला नाही. आता ती नाचणाऱ्या माणसांच्या चित्रलिपीची झकास केस होम्स परत आल्यानंतरचीच आहे हो, त्यामुळे नावाड्याशी आपलं काही जमायचं नाही.