डाव्या पायाखालचा रामराम

परवा दुपारी वायपर बदलायला गेले होते. ठाण्यात माजिवड्याच्या जरा अलीकडे एक ॲक्सेसरीजवाला आहे, दुकान म्हणजे एक शटर, एक स्टूल आणि बाकी सगळं फुटपाथवर. मे संपत आला की मला वायपर आठवतात, तोपर्यंत वर्षभर बिचारे काचेला चिकटून उन्हात वाळत असतात, रबराचा पार पापड झालेला असतो आणि मग पहिल्या पावसात ते काच पुसायच्या ऐवजी चिखलाची कमान काढून देतात. दुकानातला मुलगा वीस-बावीसचा असेल. जुने ब्लेड उपटता उपटता म्हणाला, "ताई, हेडलाइट पण टाकून देऊ का? एकदम सफेद. रात्रीचा दिवस होईल बघा."

म्हटलं, "आणि समोरच्याचं काय होईल?"

तो हसला. "समोरचा पण हाच टाकतो ना."

आता यावर काय बोलणार. बरोबरच होतं त्याचं.

मी राहते वाघबीळला आणि ऑफिस ऐरोलीत, म्हणजे रात्री दहाला निघाले की ऐरोलीचा पूल उतरून हायवेला लागेपर्यंत बरं असतं, पण घोडबंदरला वळलं की समोरून सगळे अप्पर, म्हणजे लांबचा झोत, मारून येतात. डिव्हायडर आहे, पण त्याची उंची ती केवढी. कंटेनरवाले त्यातल्या त्यात बरे, उरणच्या बंदरातून गुजरातकडे निघालेले असतात, रात्ररात्र चालवणारी माणसं, त्यांना डिपर कळतो, समोर कोणी आलं की लाइट खाली घेतात. कळत नाही तो पंचवीस लाखांच्या गाडीवाल्याला. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते, मी एकदा बसून हिशोब केला होता, तो सफेद झोत डोळ्यात गेला आणि दोन सेकंद अंधारी आली तर चौतीस मीटर, म्हणजे तीन एसट्या एकामागे एक उभ्या राहतील एवढा रस्ता मी आंधळी कोशिंबीर खेळत जाते. आणि त्या चौतीस मीटरमध्ये काय काय असतं ते घोडबंदरवाल्यांना सांगायला नको.

मला हे डिपरचं वेड मामाकडून लागलंय. नौपाड्यातल्या माझ्या मामाची ॲम्बेसेडर होती, लग्नाच्या वरातींना, अष्टविनायकाला वगैरे भाड्याने चालवायचा, पण गणपतीला मात्र ती घरची. १९८७ साल असेल, मी आठ वर्षांची. चिपळूणला निघालो होतो, रात्री, कारण मामाच्या मते दिवसा रस्त्यावर हौशी लोक असतात. कॅरिअरवर थर्माकोलचं मखर, त्यावर प्लॅस्टिक बांधलेलं, ते वडखळपासून जे फडफडायला लागलं ते चिपळूणपर्यंत. मागे आई, मामी, आजी आणि तीन पोरं, पुढच्या अखंड सीटवर बाबा आणि मामा आणि मधे मी, कारण गिअर स्टेअरिंगपाशी असल्याने मधे पाय सोडून बसता यायचं. मला रस्ता दिसायचाच नाही, डॅशबोर्डच उंच. मला दिसायचे ते मामाचे पाय.

त्या गाडीचा डिपर पायाने मारायचा. क्लचच्या डावीकडे खाली फ्लोअरला एक गोल लोखंडी बटण असायचं, त्यावर डाव्या पायाने टक करून दाबलं की लाइट खाली, परत टक केलं की वर. महाड सोडलं आणि पाऊस जोरात लागला, काचेवर काही दिसेना, तेव्हा मामाने गाडी बाजूला घेतली, खिशातला तंबाखूचा पुडा काढला, अर्धा चुना लावून तोंडात टाकला आणि अर्धा नुसताच घेऊन खाली उतरून काचेवर खसाखसा चोळला. पाणी टिकत नाही म्हणे मग, सरसर ओघळून जातं. मागून मामी म्हणाली, "काचेला पण व्यसन लावा आता."

मग कशेडी घाट. आता तिथे बोगदा झालाय, दहा मिनिटांत पलीकडे, पण तेव्हा तो घाट म्हणजे घाट होता. मिट्ट काळोख, बाहेर फक्त पावसाचा आवाज, गाडीत सगळे झोपलेले, आणि वळणावरून समोरून उजेड यायला लागला की मामाचा पाय हलायचा. टक. थोड्या वेळाने समोरची एसटी पण लाइट खाली करायची. मी विचारलं, "मामा, हे काय करतोस सारखं?"

"रामराम घातला त्याला."

"तुझ्या ओळखीचा आहे?"

"नाही गं. म्हणूनच."

आणि एखादा तसाच झगझगीत अंगावर आला, टक टक करूनही ढिम्म, तर मामा शिवी नाही द्यायचा, फक्त म्हणायचा, "शिकलेला दिसतोय." मग मान जराशी डावीकडे. समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालायचे नाहीत, आपल्या डाव्या हाताची रस्त्याची कड धरून बघत राहायचं, हे मी गाडी शिकायच्या वीस वर्षं आधी शिकले.

गंमत म्हणजे तेव्हा दिव्यांची आपल्याकडे सगळ्यांनाच काळजी असायची. भर दुपारी कोणाच्या स्कूटरचा दिवा चालू राहिला असेल तर गोखले रोडवर दहा माणसं हाताच्या पंजाची चोच करून उघडझाप करून दाखवायची, अहो, लाइट! बॅटरी त्याची, पण जीव यांचा तुटायचा. ते पण संपलं. एप्रिल २०१७ पासून नवीन टू-व्हीलरचा दिवा बंदच करता येत नाही, इंजिन चालू की दिवा चालू. माझी आई तरी बरेच दिवस रिक्षातून चोच करायची, लोक तिच्याकडे वेड्यासारखं बघायचे.

तर पाऊस. मामाचा दुसरा नियम, पहिल्या पावसात गाडी काढायची नाही. जोराच्या पावसात काढ एकवेळ, पण पहिल्या रिमझिमीत नको, रस्त्याला साबण लागलेला असतो. वर्षभराचं सांडलेलं ऑइल, टायरचं झिजलेलं रबर, धूळ, हे सगळं त्या चार थेंबांत कालवलं जातं, दोन चांगल्या सरी पडून धुऊन जाईपर्यंत ते तसंच. मी हे ऐकून होते, पाठ होतं, आणि तरी एका जूनमध्ये कॅडबरी सिग्नलला स्कूटरचा पुढचा ब्रेक दाबला तो नेमका झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर. पांढरा पट्टा, गटाराचं झाकण आणि मेट्रोच्या कामावर टाकतात त्या लोखंडी प्लेटा, ओल्या झाल्या की या तिघांवर ब्रेक लावायचा नसतो, हे मी रस्त्यावर बसून समजून घेतलं. एक काका धावत आले, स्कूटर उचलून दिली आणि म्हणाले, "ब्रेक मागायचा नसतो पावसात, विनवायचा असतो." कोपर सोलपटलेलं असताना मला ते वाक्य आवडलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

अजून एक, हे भर पावसात चारही इंडिकेटर लावून चालणारे लोक कोण आहेत? डावीकडे वळणार की उजवीकडे, की तुम्हाला नुसतंच मन मोकळं करायचंय? जाऊ दे.

मामा आता शहात्तरचा आहे, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली, रात्री चालवणं त्याने स्वतःहून सोडलं. मागच्या महिन्यात त्याला एका लग्नाहून रात्री घरी सोडत होते तर कोपरीच्या पुलावर समोरून एकामागे एक झोत, तो हात डोळ्यांवर धरून बसला होता. मी डिपर मारत होते, आता तो बोटाने मारायचा असतो, आवाज पण येत नाही.

म्हणाला, "कोणी देतं का गं परत?"

"एखादा देतो."

"किती?"

खरं सांगायचं तर मी मोजते. त्या दिवशी नौपाड्यापर्यंत दोन मिळाले होते, त्यातली एक रिक्षा होती आणि तिचा बहुतेक लूज कॉन्टॅक्ट होता. "बरेच देतात," म्हटलं.

तर ते सफेद दिवे काही घेतले नाहीत. काल रात्री पहिली रिमझिम आली. नियमाप्रमाणे गाडी काढायची नव्हती, पण घरात दूध नव्हतं, पाटलीपाड्यापर्यंतच जायचं होतं. नवे वायपर चालू केले तर काच पुसायच्या ऐवजी कर्र कर्र करत सगळं फासायला लागले, जुने परवडले. शेवटी कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले, थांबलेल्या गाडीला चालतात, आणि भिजत उतरून बघितलं. त्या मुलाने रबरावरची पिवळी प्लॅस्टिकची पट्टी काढलीच नव्हती.