पिरॅमिडला हो कोण म्हणतंय?

आमच्या ग्रुपवर माणसांना नावं नाहीत, नोड आहेत. नोड म्हणजे नवी मुंबईतल्या वसाहती. वाशी, ऐरोली, खारघर आणि मी नेरूळ. वाशी म्हणजे वाशीचे काका, आयुष्यभर गटारं आणि पंप यांच्यात नोकरी करून निवृत्त झालेले. ऐरोली आयटीत आहे, तिचा दिवस अमेरिकेच्या घड्याळाने उगवतो. खारघर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आम्ही चौघं मिळून एक साम्राज्य चालवतो.

खेळ म्हणजे सिव्हिलायझेशन फोर, कॉम्प्युटरवर साम्राज्य उभारायचा. २००५ साली आलेला, 'बियॉन्ड द स्वॉर्ड' ही त्याची शेवटची पुरवणी २००७ ची. त्यानंतर पाचवा आला, सहावा आला, २०२५ मध्ये सातवाही आला, पण आम्ही चौथ्याला चिकटून आहोत. काकांचा लॅपटॉप याच्या पुढचं काही उघडायला तयार नाही, हे एक कारण. दुसरं असं, की चौथ्यात माणसांविरुद्ध खेळायची आमची पद्धत मला फार आवडते. सर्व्हर चालू असतो, चोवीस तासांत एक टर्न. समोर आमच्यासारख्याच आणखी टीम, प्रत्येक टीमची मिळून एकच संस्कृती. जो मोकळा असेल तो आत जाऊन चाली करून येतो, पण काय करायचं ते आधी ग्रुपवर ठरतं. प्रत्यक्ष खेळ दहा मिनिटांचा आणि त्याआधी दिवसभर वादावादी. मी मुळात वादावादीसाठीच खेळते.

शहर कुठे वसवायचं, यावर आमचं लवकर जुळतं. नदी, दोन चांगली शेतं, मागे टेकडी, झालं. शेजाऱ्याशी तह करायचा की नाही, हेही काका दोन ओळींत मिटवतात. गाडी अडते ती वंडरपाशी.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. वंडर म्हणजे स्टोनहेंज, पिरॅमिड यांसारखी अचाट वास्तू, जगात एकच. जो आधी पुरा करेल त्याचा, बाकीच्यांनी हात चोळत बसायचं. प्रत्येकाची किंमत हॅमरमध्ये ठरलेली. सर्वसाधारण वेगाच्या खेळात स्टोनहेंज १२०, ओरॅकल १५०, पिरॅमिड ५००. हॅमर म्हणजे शहराची कष्टाची कमाई, आणि इसवी सनापूर्वी ४००० साली, जिथे खेळ सुरू होतो, ती फार तुटपुंजी असते. त्याच कमाईतून बाकीचं घरही चालवायचं असतं. नवं शहर वसवणारा सेटलर १०० हॅमरला पडतो, शेतं आणि रस्ते करणारा वर्कर ६० ला, धान्याचं कोठार ६० ला, कुऱ्हाडवाला शिपाई ३५ ला. म्हणजे एक पिरॅमिड म्हणजे पाच सेटलर. पाच शहरं नकाशावर न उमटता त्या त्रिकोणात गाडली जातात, आणि तेवढ्यात शेजारचा माणूस तीच जागा कुंपण घालून बसतो.

हे सगळ्यांना पाठ आहे. तरी दर खेळात कुणीतरी पिरॅमिड काढतंच. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही पाण्याच्या टाकीची गळती हा विषय असला की निम्मी माणसं मोबाइलमध्ये बघतात, आणि गेटवर कमान बांधायचा विषय आला की तिसऱ्या मजल्यावरचे आजोबाही उभे राहून बोलतात. कमानीवर नाव येतं. खेळातही तसंच. कोठार बांधलं तर कुणाला कळत नाही. वंडर बांधलं की प्रत्येक टीमच्या पडद्यावर बातमी झळकते, आणि ज्यांची तुमची अजून गाठही पडलेली नाही त्यांना कळतं की दूर कुठल्याशा देशात कुणीतरी काहीतरी उभारलं. त्या एका ओळीसाठी शहाणी माणसं येडी होतात.

ऐरोलीचा जीव ओरॅकलवर. ओरॅकल बांधलं की एक तंत्र, म्हणजे एरवी संशोधन करून शिकायची एखादी विद्या, फुकट मिळतं, आणि चांगलं महाग तंत्र निवडलं तर बाकीचे बराच काळ मागे पडतात. एकदा पहाटे, म्हणजे तिच्या जेवणाच्या सुट्टीत, तिने अख्खा आराखडाच पाठवला. कोणत्या टर्नला कुठलं जंगल तोडायचं, किती टर्नात पुरं होईल, सगळं. सुरुवातीच्या काळात एक जंगल तोडलं की २० हॅमर मिळतात, गणित शिकल्यावर ३०. आराखड्यात राजधानीभोवतीचं सगळं रान साफ होतं.

"संगमरवर आहे का आपल्याकडे?" काकांनी विचारलं.

नव्हता. संगमरवर असला की ओरॅकल दुप्पट वेगाने उठतं, जसा दगड असला की पिरॅमिड. ज्याच्या अंगणात ती खाण, त्याच्याशी शर्यत लावायची म्हणजे चालत चालत लोकलला मागे टाकायला निघायचं.

इथे खारघरची वही बाहेर येते. वही म्हणजे स्प्रेडशीट. खेळात सगळ्यांचे गुण दिसतात आणि लोकसंख्येपासून सैन्यापर्यंतच्या आकड्यांचं एक पानही दिसतं. त्या पानावर आपला आकडा आणि क्रमांक, बाकीच्यांची सरासरी, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा एवढंच असतं. वरचा कुणाचा ते लिहिलेलं नसतं. हा मुलगा दर टर्नला ते आकडे टिपतो, मागच्या टर्नचे वजा करतो आणि सांगतो, की निळ्यांचे, म्हणजे निळ्या टीमचे, गुण आज अमुकने वाढले, शहर नवं नाही, म्हणजे तंत्र घेतलं. पौरोहित्याचं तंत्र घेतलं असेल तर ओरॅकलची वाट मोकळी. कॉलेजात याची हजेरी किती आहे ते विचारायची माझी हिंमत नाही.

"निळ्यांचं उत्पादन वरचं आहे," तो म्हणाला. "ते बांधतायत."

"बांधू देत," ऐरोली म्हणाली. "आपणही लावून ठेवू. नाही झालं तर तेवढं सोनं परत मिळतं ना."

हेही खरं आहे. शर्यत हरलात तर अर्धवट वंडरवर लावलेल्या हॅमरचं सोनं होऊन तिजोरीत येतं. काही टीम तर तेवढ्यासाठीच मुद्दाम वंडर अर्ध्यावर लावून ठेवतात, विशेषतः दगड-संगमरवर हाताशी असेल तर. काकांना हा हिशेब कळतो, पण पटत नाही. "सोन्यासाठी रान तोडायचं? मग शिपाई कशातून उभे करणार, बाळा? निळे आले तर सोनं दाखवून परत पाठवणार का त्यांना?" जंगल शहराचं आरोग्यही थोडंफार राखतं, हे त्यांनी नंतर जोडलं. ऐरोली तासभर गप्प, मग एक अंगठा. ओरॅकल निळ्यांनी घेतलं.

काका कोठारवाले आहेत. प्रत्येक शहरात आधी कोठार. त्यामागे अंकगणित आहे: कोठार असलं की शहर वाढताना साठ्यातलं अर्धं धान्य पुढच्या वाढीसाठी शिल्लक राहतं, म्हणजे माणसं जवळपास दुप्पट वेगाने भरून येतात. पण मला वाटतं त्यांच्या नोकरीचाही त्यात हात आहे. त्यांनी एकदा वाशी-बेलापूरच्या धारण तलावांबद्दल ग्रुपवर लांबलचक लिहिलं होतं. नवी मुंबईची बरीच जमीन भरतीच्या पातळीखाली. म्हणून डच लोकांच्या पद्धतीने खाडीच्या कडेला तलाव केले. भरती आली की दारं पाण्याच्या दाबानेच मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला दारं उघडून खाडीत जातं. जुलैच्या पावसात आपण सुक्या पायांनी घरी येतो ते यामुळे, असं त्यांचं म्हणणं. "ते बघायला कधी सहल आलेली पाहिलीस?" त्यांनी मला विचारलं.

सहली माझ्याकडे येतात. नेरूळला वंडर्स पार्क आहे. ताजमहाल, चीनची भिंत, कलोसियम, पेत्रा, माचू पिचू, चिचेन इत्झा आणि हात पसरलेला ख्रिस्त, सगळे एका महापालिकेने एकाच बागेत उभारलेले. कुठल्याही टीमला असा खेळ जमलेला नाही. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि खरं सांगायचं तर मलाही ती बाग आवडते. काकांना मी अजून हे सांगितलेलं नाही.

आमच्या या शहराचा नकाशाही कुणीतरी असाच बसून मांडला. १९६५ च्या सुमाराला वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली, १९७० साली सिडको स्थापन झाली. सरकारी कारभार इकडे येईल, त्याच्यामागून माणसं येतील, असा होरा होता. मंत्रालय काही आलं नाही. खाडीवरून वाशीला लोकल आली तीही १९९२ मध्ये. ऐरोलीच्या मते तो सरळ चुकलेला टर्न. खेळात राजधानीपासून शहर जितकं लांब तितका त्याचा खर्च जास्त, आणि त्यावर उपाय म्हणून फर्बिडन पॅलेस नावाचा दुसरा राजवाडा बांधता येतो. "आपल्याकडे तेवढाच राहिला," ती म्हणते. काका म्हणतात, राजवाडा राहिला पण गटारं झाली, उलटं झालं असतं तर तू आज मुलुंडला राहत असतीस.

काकांनी आजवर एकाच वंडरला आपणहून होकार दिला, ग्रेट लाइटहाउसला. २०० हॅमर, शिवाय त्या शहरात आधी साधं दीपगृह हवं, आणि वेग वाढवणारी कुठली खाण नाही. पण किनाऱ्यावरच्या आपल्या प्रत्येक शहराला त्याने दोन व्यापारी मार्ग वाढून मिळतात. आमची तेव्हाची सगळी गावं समुद्राला लागून, लहान लहान, एका ओळीत. खारघरने विचारलं, आता कसं चालतं? काकांनी गावं मोजून दाखवली. दोन गावं असती तर हे बांधकाम म्हणजे शोभेचा खांब, आठ असली तर रोजची कमाई. ऐरोलीला त्या दिवशी इतका आनंद झाला, की तिने मीटिंग चालू असतानाच टर्न खेळला.

सध्या पिरॅमिड पुन्हा पटावर आहे. उत्तरेला दगडाची खाण सापडली, म्हणजे पाचशेचं काम अडीचशेत. पिरॅमिड मिळाला तर राज्यकारभाराच्या सगळ्या पद्धती न शिकताच खुल्या होतात. प्रातिनिधिक राज्य आणलं की शहरातल्या प्रत्येक तज्ज्ञामागे संशोधनात तीनची भर. ऐरोली अर्थातच बाजूने. खारघरचं मत वेगळंच. त्याच्या वहीप्रमाणे लाल टीमही दगडावर बसलीय आणि तिचं सैन्य सर्वांत खालचं दिसतंय. जिंकलेल्या शहरातलं वंडर जिंकणाऱ्यासाठी काम करतं. "त्यांना बांधू दे. आपण कुऱ्हाडवाले बांधू. वास्तुशांतीला जाऊ."

काकांनी एवढंच लिहिलं, की दक्षिणेच्या दोन गावांत अजून कोठार नाही. मी खारघरच्या बाजूला झुकतेय, पण लालच्या सीमेवर टेकडी आहे आणि टेकडीवर तिरंदाज बसले असतील तर त्याचे सात कुऱ्हाडवाले पुरायचे नाहीत, हे त्याला पटवायला हवं. तूर्त वर्कर दगडाच्या खाणीकडे निघालाय. खाण कुठल्याही बाजूने कामाची, म्हणून त्यावर कुणी हरकत घेतली नाही.