तू, तुम्ही आणि जुन्या इंग्रजी कादंबऱ्या: जून ते नोव्हेंबर

जूनमध्ये ठरवलं होतं, या वर्षी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्या मुळातून वाचायच्या. संक्षिप्त आवृत्ती घ्यायची नाही, आधी सिनेमा बघायचा नाही. आज नोव्हेंबरअखेरचा हिशोब: तीन पूर्ण, एक मध्येच थांबलेली, एक नुकती धरलेली. मी शास्त्र शाखेचा, शाळा मराठी माध्यमाची, गाव कोल्हापूरकडे, राधानगरी तालुक्यात. पुण्यात होस्टेलवर रात्रीचं जेवण झालं की दीड तास वाचतो, तेवढाच वेळ हातात असतो.

शंभर पानी वही केली आहे. सुरुवातीला तीत अवघड शब्द लिहायचो. आठवड्याभरात ते बंद केलं, कारण शब्द वहीत जात होते आणि गोष्ट हातातून सुटत होती. मग एकच गोष्ट टिपायला लागलो: कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं. इंग्रजीत बापाला, नोकराला, कुत्र्याला सगळ्यांना एकच 'यू'. माझ्या कानाला ते पुरत नाही. वाक्य वाचताना त्याचं मनात तू नाहीतर तुम्ही होतंच, आणि त्यातलं कुठलं, हे ठरवायचं तर त्या दोघांचं नातं नीट बघावं लागतं. ही सवय लागली आणि पुस्तकं उघडत गेली.

'प्राइड अँड प्रेज्युडिस'ने सुरुवात केली. जेन ऑस्टेनची ही कादंबरी 1813ची, प्रकरणं 61 पण आटोपशीर. पहिले चार दिवस मी 'मिस बेनेट' म्हणजे एलिझाबेथ समजून वाचत होतो. थोरली मुलगी तेवढी 'मिस बेनेट', धाकट्यांना 'मिस'पुढे त्यांचं नावही लावायचं, ही रीत कळल्यावर पुन्हा पहिल्या पानावर गेलो. मिसेस बेनेट नवऱ्याला 'मिस्टर बेनेट' म्हणते. आमच्या आजीने आजोबांना उभ्या जन्मात 'अवं'शिवाय हाक मारली नाही, त्यामुळे मला ते घरचंच वाटलं. बेनेटसाहेबांचं पाळण्यातलं नाव तर कादंबरीभर कुठेच येत नाही. डार्सी मात्र 58व्या प्रकरणात 'मिस' गाळून नुसतं 'एलिझाबेथ' म्हणतो. त्या ओळीपुढे मी वहीत 'अगं' असं लिहून ठेवलंय.

'जेन एअर'ला सगळा जुलै आणि अर्धा ऑगस्ट गेला. शार्लट ब्राँटेने 1847 साली करर बेल या टोपणनावाने छापलेली. या वहीतली सगळ्यात जास्त पानं 23व्या प्रकरणावर आहेत. जेन वर्षाला तीस पौंड पगारावर घरात राहून शिकवणारी, रॉचेस्टर घरधनी. बागेतल्या चेस्टनटच्या झाडाखाली ती त्याला तोंडावर सांगते की मी गरीब आहे, दिसायला साधी आहे, म्हणून मला जीव नाही असं समजू नका, आत्म्याने आपण दोघं सारखे आहोत. हे वाचताना अंगावर काटा आला. मग तो लग्नाचं विचारतो आणि म्हणतो, माझं नाव घे, 'एडवर्ड, मी तुझ्याशी लग्न करीन' असं म्हण.

नाव घे! आमच्याकडे लग्नात मांडवभर बायका हेच ओरडत असतात आणि नवरी आढेवेढे घेत असते. इथे नवरदेवच मागणी करतोय. आणि जेन काय करते? आधी विचारते, तुम्ही हे खरंच मनापासून म्हणताय का. खात्री झाल्यावर म्हणते: तर मग, सर, मी तुमच्याशी लग्न करीन. होकारातसुद्धा 'सर'! तिच्या पुढच्याच बोलण्यात मात्र 'प्रिय एडवर्ड' येतं. मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. शेवटाकडे तो आंधळा होतो, ती आपल्या पायावर उभी आहे, हातात वारशाचा पैसा आहे, कोणाची चाकर नाही, तरी 'सर' सुटत नाही. माझं मत असं की तोवर त्या 'सर'चं 'अहो' झालेलं असतं. वाचलेल्यांना वेगळं वाटत असेल तर मला ऐकायचंय.

'वदरिंग हाइट्स', शार्लटची बहीण एमिलीची कादंबरी, नवव्या प्रकरणाशी थांबली. जोसेफ या म्हाताऱ्या गड्याची यॉर्कशरची बोली डोळ्यांनी वाचताच येत नाही, मोठ्याने म्हणावी लागते आणि खोलीत दुसरा मुलगा झोपलेला असतो. शार्लटने 1850च्या आवृत्तीत बहिणीच्या माघारी ही बोली दक्षिणेकडच्या वाचकांसाठी सोपी केली. मला ती सोपी केलेली नको आहे. सुट्टीत गावी जाऊन वाचीन.

मग ऑक्टोबर, आणि 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'. डिकन्सने ही त्याच्या साप्ताहिकात डिसेंबर 1860 ते ऑगस्ट 1861 अशी 36 हप्त्यांत दिली. मीही तोच नेम धरला, रोज एक हप्ता, पुढे डोकावायचं नाही. छत्तीस दिवस एकही खाडा झाला नाही. हप्त्यांत लिहिलेलं हप्त्यांतच वाचावं, हे आता मी छातीठोकपणे सांगतो.

पिप हा पोरका मुलगा, बहिणीचा नवरा लोहार, नाव जो गार्जरी, तोच त्याचा खरा आधार. पोरगा पाटीवर मोडकीतोडकी अक्षरं काढून जोला चिठ्ठी लिहितो आणि जोला तीत आपल्या नावाची दोनच अक्षरं वाचता येतात. पुढे पिपला कोणाचा तरी पैसा मिळतो, तो लंडनला जाऊन साहेब होतो. 27व्या प्रकरणात जो त्याला भेटायला येतो. बूट वाजवत जिना चढतो, प्रत्येक मजल्यावरच्या पाट्या वाचत येतो. पिपच्या दारावर रंगवलेलं नाव बोटाने चाचपतो आणि तो आवाज पिपला आतून ऐकू येतो. आत आल्यावर हॅट कुठे ठेवावी कळेना, ती फळीच्या कडेला ठेवतो, ती सारखी पडते, तो सारखा झेलतो. आणि 'पिप, दोस्ता' म्हणता म्हणता अडखळून 'सर' म्हणतो. पिप चिडून विचारतो, तू मला सर का म्हणतोस?

मी अकरावीला पुण्याला आलो आणि दिवाळीत गावी गेलो, तेव्हा एसटी थांब्यावर आमच्या गल्लीतले तात्या भेटले. त्यांच्या सायकलच्या दुकानात मी पंक्चर काढायला शिकलो. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, सुकवायची, कानशीने घासायची, सगळं त्यांनी हातात हात धरून दाखवलेलं. जन्मभर 'कवा आलास?' विचारणारा माणूस त्या दिवशी म्हणाला, 'कवा आलासा?' कोल्हापूरकडच्या वाचकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: 'आलासा' म्हणजे 'आलात'. एका कान्याचा फरक. मी 'आताच' म्हणालो आणि बॅग उचलली. 27वं प्रकरण वाचलं त्या रात्री पुढचं काही वाचलं नाही.

पुढे 57व्या प्रकरणात पिप कर्जबाजारी, आजारी पडतो आणि जो येऊन त्याची सेवा करतो. पिप अंथरुणाला खिळलेला असतो तोवर पुन्हा 'दोस्ता' असतं. तो हिंडूफिरू लागला की हळूहळू 'सर' परत येतं. मग एका पहाटे जो पिपचं कर्ज गुपचूप फेडून, दोन ओळींची चिठ्ठी ठेवून निघून जातो. मूळ शेवट डिकन्सने एका लेखक-मित्राच्या सल्ल्याने बदलला, त्यावर वाचणाऱ्यांत पुष्कळ वाद आहेत. मला जुना, कोरडा शेवट जास्त पटला. पण माझ्यापुरती कादंबरी त्या चिठ्ठीशी संपते.

सध्या जॉर्ज एलियटची (हे एका बाईचं टोपणनाव) 'अ‍ॅडम बीड', 1859ची, सहावं प्रकरण. इथे मला घबाड सापडलंय. शहरी इंग्रजीतून गेलेला जुना एकेरी 'दी' या गावाकडच्या माणसांच्या तोंडी शिल्लक आहे, म्हणजे 'तू' छापलेलाच आहे! चौथ्या प्रकरणात बापाने टाळलेलं शवपेटीचं काम अ‍ॅडम रात्री जागून उरकणार असतो. तो आईला म्हणतो, तू जागत बसू नकोस. एलियट लिहिते, आईशी जास्त मायेने बोलायचं असलं की त्याची बोली अस्सल गावरान व्हायची.

हे वाचून मी पुन्हा जोच्या चिठ्ठीकडे वळलो. शेवटच्या दिवसांत तोंडाने 'सर' म्हणणारा जो चिठ्ठीत 'प्रिय पिप' लिहितो. ती मी आमच्या बोलीत उतरवतोय. तीन खर्डे झाले. 'बरं झालासा' लिहून पाहिलं, दोन दिवस तसंच ठेवलं, मग खोडलं. सध्या वहीत आहे: 'आता तू बरा झालास.' काना दिलेला नाही.