पीआर मिळताच विनिपेग का सोडलं?

मॅनिटोबा प्रांताने नॉमिनेशन, म्हणजे शिफारस, दिली आणि मला कॅनडात कायम राहण्याचा परवाना, म्हणजे पीआर, मिळाला. आता तिथल्या विनिपेग शहरातली आपली माणसं भेटली की प्रश्न ठरलेला. ‘‘मॅनिटोबातच राहीन असं लिहून दिलं होतंत ना? मग पीआर हातात पडताच दुसऱ्या प्रांतातली कॅल्गरी कशी गाठलीत? तुमच्यासारख्यांमुळे मागच्यांची वाट बंद होते.’’ शेवटचं वाक्य फार लागतं, म्हणून एकदा नीट सांगतो.

कायदा माझ्या बाजूने आहे. कॅनडाच्या 1982च्या हक्कांच्या सनदेतलं सहावं कलम पीआर असलेल्याला कुठल्याही प्रांतात राहून कमावू देतं. आणि सही करताना माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

मी वेल्डर. कामाच्या परमिटवर एकाच मालकाचं नाव, नॉमिनेशनचा अर्जही त्याच मालकाच्या ऑफर लेटरवर. फाइल आत, म्हणजे अर्ज सरकारकडे पडून असताना, शॉपमध्ये साखळीवरून प्लेट घसरली आणि डाव्या हाताची दोन बोटं खाली सापडली. मालक स्वतः गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. वाटेत अगदी आपुलकीने म्हणाला, ‘‘घरी लागलं म्हणून सांग. भरपाईचा क्लेम झाला की आमचा विम्याचा हप्ता वाढतो. मग तुझ्या नोकरीचं मला काही सांगता येणार नाही.’’ असं सांगायला लावणं बेकायदा आहे, हे मला माहीत होतं. नोकरी गेली की नॉमिनेशन जातं, हेही माहीत होतं. बायको इथे आलेली, मुलगी शाळेत नुकती रुळलेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा म्हणालो, घरच्या गॅरेजमध्ये गाडीचं काम करत होतो. आम्ही तळघरात भाड्याने राहत होतो, गॅरेज कुठलं? लिहिता लिहिता त्या थांबल्या, माझ्या पायातल्या लोखंडी टोकाच्या बुटांकडे पाहिलं आणि पुन्हा लिहू लागल्या. टाके असतानाच मी कामावर गेलो.

तक्रार का नाही केली, विचारता. 2019पासून छळ होणाऱ्या कामगाराला खुलं परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायची मुभा, मागता येतं, खरं आहे. पण त्याने मालक सुटतो आणि ज्या ऑफरवर अर्ज उभा आहे, तीही सुटते.

तेव्हाचा मी मात्र अजून माझ्याशी भांडतो. प्रांताने तुझं काय वाईट केलं? पीआरनंतर विनिपेगमध्येच दुसरं शॉप मिळालं नसतं का? मिळालं असतं. पण तो दवाखाना रोज बसमधून दिसायचा. हे कारण पुरेसं आहे का, यावर आमचं दोघांचं एकमत होत नाही.

राहिली मागच्यांची वाट. सगळ्या प्रांतांच्या नॉमिनेशनमधून मिळून पीआर देण्याचं लक्ष्य 2024च्या 1,10,000वरून 2025साठी 55,000वर आणलं ते ओटावातल्या केंद्र सरकारने, घरांची टंचाई आणि एकूण इमिग्रेशन कमी करण्याचं कारण देऊन. तरीही 1998पासून मॅनिटोबा माणसं आणतोय ती टिकावीत म्हणून, आणि मी टिकलो नाही, हे मी नाकारत नाही.

मला नावं ठेवायची तर ठेवा. पण फाइल आत असलेला कुणी हाताला पट्टी बांधून भेटला, तर ‘पीआर होईपर्यंत गप्प राहा’ असं त्याला सांगू नका. मला हे गणपतीच्या आरतीनंतर तुमच्यापैकीच काहींनी सांगितलं होतं.