तुम्ही विचारलंत म्हणून : व्हर्सायच्या बेडकांना सोन्याचा वर्ख कशाला?

पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्याच्या बागेतलं लातोनाचं कारंजं पाहिलं की हा प्रश्न हमखास येतो. राजाची हौस, एवढंच ना?

हौस होतीच. पण ते बेडूक कोण, ते आधी बघा. रोमन पुराणातली गोष्ट अशी : लातोना, म्हणजे अपोलोची आई, दोन तान्ही लेकरं घेऊन तळ्यावर पाणी प्यायला गेली. लिसिया या प्राचीन प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी तिला पिऊ तर दिलं नाहीच, वर तळं ढवळून गढूळ केलं. त्याची शिक्षा म्हणून ते बेडूक झाले. बाग उभारणाऱ्या फ्रान्सच्या राजाचं, चौदाव्या लुईचं चिन्ह सूर्य आणि अपोलो सूर्यदेव. त्याच्या आईच्या वाटेला जाणाऱ्यांचं काय होतं, हे दरबारी सरदारांना समजावून सांगावं लागत नव्हतं. काही अभ्यासक यात लुईच्या लहानपणीचं सरदारांचं बंड शोधतात. मला ते ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं.

लातोना आणि तिची मुलं संगमरवरी, बेडूक मात्र शिशाचे. शिसं ३२७ अंशांना वितळतं, ब्राँझला हजाराच्या आसपास लागतात. म्हणून काम स्वस्त आणि झटपट. तुकडे साच्यात ओतायचे, डाग देऊन जोडायचे. पण शिसं मऊ, स्वतःच्याच वजनानं बसतं. त्यासाठी आत लोखंडी सांगाडा घालायचे आणि दुखणं तिथंच सुरू होई. सांध्यातून पाणी आत शिरतं, लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं आणि शिसं आतून फाटतं. बाहेरून कितीही ठिगळं लावा, उपयोग नाही. उघडून जुनं लोखंड काढावंच लागतं.

वर्खाचं तंत्र वेगळं. अस्तरावर पिवळ्या रंगाचा हात, त्यावर तेलाचा चिकट हात. मग थांबायचं. बोटाचं पेर टेकवून बघायचं : तेल बोटाला लागता कामा नये, पण पेर उचलताना किंचित धरून ठेवल्यासारखं वाटलं पाहिजे. घाई केली तर वर्ख तेलात बुडून निस्तेज होतो, उशीर झाला तर धरतच नाही.

तरी माझ्या मते खरी सत्ता सोन्यात नव्हती, पाण्यात होती. व्हर्सायला स्वतःची नदी नाही. कारंजं उडतं ते टाकी तोटीपेक्षा उंचावर असते म्हणून, आणि त्या टाक्या भरायच्या कशा, हा लुईचा कायमचा घोर. १६८४ साली सीन नदीवर मार्लीचं यंत्र सुरू झालं : १४ पाणचक्क्या, दोनशेवर पंप, पाणी सुमारे दीडशे मीटर वर. तेही पुरेना. १६८५ मध्ये यूर नदी वळवून आणायचा घाट घातला, हजारो सैनिक खोदाईला लावले. त्यातले कित्येक तापानं मेले, १६८८ मध्ये युद्ध पेटलं आणि काम थांबलं ते थांबलंच. ते पाणी वाहून नेण्यासाठी मँतनाँ गावात बांधलेल्या कमानी अजून अर्ध्याच उभ्या आहेत. पाणी नाकारणाऱ्यांना बेडूक करणारी देवी नेमकी या तहानलेल्या बागेत मधोमध बसवलेली आहे!

सगळी कारंजी एकदम चालवणं परवडतच नसे. म्हणून राजा फिरायला निघाला की तोट्यांवरची माणसं शिट्टीनं एकमेकांना इशारा करत. तो जवळ आला की चावी उघडायची, पुढच्या वळणाआड गेला की बंद.