पालथे विमान

नवरात्र सुरू झाले होते, तरी पाऊस नाशिक सोडायला तयार नव्हता. रविवारी दुपारी जेवण उरकून मी खिडकीशी बसलो, मिग-२१ या लढाऊ विमानाच्या प्लास्टिकच्या छोट्या चंदेरी प्रतिकृतीवर वार्निशचा शेवटचा हात फवारला, आणि एअरब्रश, म्हणजे रंग फवारायची लेखणीएवढी गन, धुऊन परत येतो तोवर विमानावर दुधावर साय धरावी तसा पांढुरका पडदा चढला होता. दमट हवेत असे होतेच. वार्निशमधला थिनर झपाट्याने उडून जातो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थराच्या आतच अडकते. हे सगळे ठाऊक असूनही मी फवारले, कारण दोनच दिवसांपूर्वी, २६ सप्टेंबर २०२५ रोजी, चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला होता, आणि त्याच आठवड्यात आपलेही विमान पुरे करायचे, असे कोणी विचारलेले नसताना मी ठरवून बसलो होतो.

ज्यांच्या कपाटात, सुटे भाग जोडून विमान करायच्या, न उघडलेल्या किटांची चळत असते आणि जे घरी नवे खोके आणताना ते जुन्या पिशवीत गुंडाळून आणतात, त्यांना या घाईबद्दल काही सांगायला नको. बाकीच्यांना सांगूनही उपयोग नाही.

साय धरलेल्या विमानाकडे पाहताना मला माझे पहिले विमान आठवले. मी चौथीत असताना मामाने दादरहून स्पिटफायर या जुन्या लढाऊ विमानाचे किट आणले होते. खोक्यावरच्या चित्रात ते हिरव्या-तपकिरी रंगाचे होते, परंतु आमच्या गच्चीवरून दिसणारी विमाने उन्हात चकाकत असल्यामुळे विमान म्हणजे चंदेरीच, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. रविवार कारंजाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून, खिडक्यांच्या गजांना लावतात तो चंदेरी रंग आणला. तो फार दाट निघाला, म्हणून गल्लीच्या टोकाला स्कूटरी रंगवणाऱ्याकडून बाटलीच्या झाकणात थोडे थिनर मागून आणले आणि रंगात मिसळून कुंचल्याने सढळ हाताने पंखावर फिरवले. पंख आधी चकाकला, मग सुरकुतला आणि नंतर भाकरीच्या पिठासारखा मऊ होऊन खाली झुकला. आई म्हणाली, "वाळला की कडक होईल." तो कडक झाला, पण झुकलेलाच. उरलेली कसर झटपट चिकटणाऱ्या गोंदाने भरून काढली. त्याच्या वाफेने वैमानिकाची काच आतून पांढरी झाली आणि त्या विमानाला कायमचा मोतीबिंदू झाला. ते कित्येक वर्षे माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत होते. अजूनही असेल.

गच्चीवरून दिसणारी ती विमाने नाशिकजवळच्या ओझरची. १९६४ साली तिथे विमानांचा कारखाना निघाला आणि रशियन परवान्यावर मिग-२१ बनू लागले; सांगाडा आमच्याकडे, इंजिन ओडिशातल्या कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी वाटणी होती. चाचणीचे उड्डाण शहराकडे वळले की आवाज आधी तावदानांना कळायचा आणि मग आम्हाला. हातातले टाकून गच्चीत पळायचे, मान मागे टाकून पाहायचे, आणि आवाज जिकडून येतो त्याच्या पुष्कळ पुढे त्या त्रिकोणी पंखांना शोधायचे, हे नाशिकच्या मुलांना शिकवावे लागत नसे.

आमच्या शेजारचे एक काका त्या कारखान्यात तपासणी विभागात होते. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे झाली, पण नजर निवृत्त झालेली नाही. काही वर्षांपूर्वी मी मोठ्या कौतुकाने त्यांना माझे एक विमान दाखवले. त्या काळात माझ्यावर वेदरिंगचे भूत स्वार होते. विमान स्वच्छ रंगवायचे आणि मग तीन रविवार खर्चून ते मळवायचे: पत्र्याच्या जोडांमधून पातळ काळा रंग सोडायचा, इंजिनाच्या तोंडाशी काजळी धरायची, पायऱ्यांच्या जागी रंग उडाल्यासारखे चंदेरी टिपके द्यायचे. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, विमान डोळ्यांजवळ नेले आणि विचारले, "हे विमान आहे, का एसटीची मागची बाजू?"

मी त्यांना समजावले, की वापरातले विमान असेच दिसते. ते म्हणाले, "वापरात कसं दिसतं ते मला सांगू नकोस. आमच्या फाटकातून असं गेलं नाही." मग त्यांनी नखाने एक जोडरेघ दाखवली आणि तिची रुंदी किती, असे विचारले. मी म्हणालो, असेल अर्धा मिलिमीटर. माझे विमान खऱ्याच्या एक बहात्तरांश, म्हणून त्यांनी बहात्तरने गुणले. छत्तीस मिलिमीटर. "एवढी फट सोडली असती, तर मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. यातून पाल आत जाईल."

तो गुणाकार मला तेव्हापासून चिकटला आहे. एकास बहात्तर या प्रमाणात सहा फुटी माणूस एक इंचाचा होतो आणि मिग-२१ चे ७.१५ मीटरचे पंख दहा सेंटिमीटरच्या आत मावतात, हे आम्ही सगळेच अभिमानाने सांगतो. पण रंगाचा थर मात्र कोणी लहान करून देत नाही. कुंचल्याने दिलेला एक दशांश मिलिमीटरचा थर खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचा होतो. एवढ्या जाडीचा तर भिंतीला गिलावा असतो. म्हणून एअरब्रश, म्हणून पातळ रंगाचे पाच-सहा हात, आणि दोन हातांच्या मध्ये पाण्यातला पॉलिश पेपर. रंगही मूळ छटेचा जसाच्या तसा चालत नाही. हातभर अंतरावरून पाहिलेले हे विमान म्हणजे शंभराहून अधिक फुटांवरून पाहिलेले विमान, आणि तेवढ्या अंतरावर मधली हवा रंग थोडा फिका करते, म्हणून त्यात पांढऱ्याचा थेंब टाकावा लागतो. किती थेंब, यावरून मोडलेल्या मैत्र्या मला ठाऊक आहेत.

एअरब्रश मी गणपतीच्या कारखान्यात शिकलो. आषाढात तिथे ओळीने शाडूच्या मूर्ती मांडलेल्या असत आणि एक मूर्तिकार कॉम्प्रेसर लावून पितांबर रंगवत असे. दोन दिवस मी नुसता बघत उभा राहिलो, तेव्हा तिसऱ्या दिवशी त्याने गन हातात देऊन रद्दीच्या कागदावर रेघा मारायला लावल्या. फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू करायचा, मूर्तीवरून सरळ न्यायचा आणि बाहेरच थांबवायचा. मूर्तीवर हात थांबला की ओघळ आलाच. एवढेच त्याने सांगितले आणि तेवढेच मला आजही उपयोगी पडते. डोळे मात्र तो गनने करत नसे. ते शेवटी, बारीक कुंचल्याने, श्वास रोखून.

तर काकांच्या त्या एसटीनंतर मी ठरवले, की एकदा तरी त्यांच्या फाटकातून जाईल असे विमान करायचे. सुरुवातीची आपली मिग-२१ उघड्या धातूच्या अंगाने उडत. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास त्यांतल्या अनेकांवर घाईने कॅमोफ्लाजचे पट्टे चढले. ते पट्टे रंगवायला सोपे, कारण ते मुळातच वेडेवाकडे, आणि आपली चूकही त्यांत खपून जाते. चंदेरीत काहीच खपत नाही. आधी पुट्टी घासून सांधा बोटाला लागेनासा करायचा, मग चकचकीत काळा हात द्यायचा, आणि तो आरशासारखा वाळला की त्यावर चंदेरीचे धुक्यासारखे हात. काळ्यात राहिलेला केसाएवढा ओरखडा चंदेरीत नदीसारखा दिसतो. मी दोनदा सगळे उतरवले.

चक्र, म्हणजे हवाई दलाचे तिरंगी गोल चिन्ह, लावण्याचा दिवस मला सगळ्यांत प्रिय. बशीत कोमट पाणी, त्यात कात्रीने कापलेले डिकल, म्हणजे पाण्यात कागदावरून सुटणारे छापील चित्र, आणि ते कागदावरून सुटेपर्यंतचे पाऊण मिनिट, ज्यात घरातल्या कोणी हाक मारली तरी मी ओ देत नाही. मध्ये हिरवे, मग पांढरे, बाहेर केशरी. किटमधला केशरी बहुतेक वेळा टोमॅटोकडे झुकलेला असतो, म्हणून मी जुन्या पत्रकांतली चक्रे जपून ठेवतो आणि ती पिवळी पडली आहेत का, हे मधूनमधून उघडून पाहतो. खाली पृष्ठभाग गुळगुळीत असला, तरच चक्र अंगावर रंगवल्यासारखे बसते; खरखरीत असला तर खाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी झाक मारते. चंदेरी विमानावर ती दिसणार नाही, असे मला वाटले होते. तिथे ती जास्त दिसते.

एवढे सगळे करून शेवटच्या हाताला ही साय. संध्याकाळी काका चहाला आले, तेव्हा विमान लपवावे की दाखवावे, हे ठरायच्या आत त्यांनी ते उचललेले होते. मी पावसाला दोष देऊ लागलो. त्यांनी पांढऱ्या पडद्याकडे पाहिलेही नाही. विमान सरळ उलटे केले. पोटाकडचा सांधा मी मनापासून घासलेला नव्हता, कारण कपाटात ठेवल्यावर पोट कोणाला दिसते? चाकांच्या झडपांच्या कडेला काळा हात तसाच उघडा राहिला होता आणि एका पंखाखालचे चक्र किंचित तिरपे होते.

"आमच्याकडे तपासणारा आधी खाली वाकायचा," ते म्हणाले. मग थोडे थांबून, विमान तसेच उलटे धरून म्हणाले, "तू लहानपणी गच्चीवरून काय बघायचास? वरची बाजू?"

मला उत्तर देता आले नाही. लहानपणभर बघत आलो ते पोट, आणि मी रंगवत बसलो होतो पाठ, जी ओझरच्या मंडळींखेरीज या शहरात फारशी कोणी पाहिलेली नाही. काका चहा पिऊन गेले. मी फोमच्या तुकड्यात खाच करून विमान पालथे बसवले आणि पॉलिश पेपर भिजत टाकला. पाठीवरच्या सायीचे आता ऊन पडल्यावर बघता येईल. कोरड्या हवेत एक पातळ हात दिला की ती बहुधा निघते.

दसऱ्यापर्यंत ऊन काही नीट पडले नाही. दरवर्षीप्रमाणे बायकोने कॉम्प्रेसर, एअरब्रश, चिमटे आणि कुंचले पाटावर मांडून हळदकुंकू वाहिले आणि मग टेबलाकडे पाहून विचारले, "ते पडलंय का?" मी म्हणालो, नाही, मुद्दाम ठेवले आहे. हे शस्त्र धरायचे की खेळणे, यावर क्षणभर तिचे मत होईना. शेवटी तिने पालथ्या विमानाच्या पोटावर एक झेंडू ठेवला. तो घरंगळत शेपटीकडे गेला आणि तिथे, पोटाखाली असतो त्या लहानशा उभ्या पंखाला अडून राहिला.